तीन गाड्या आणि पायी न पाहिलेला उतार

आडवाट

शनिवार-रविवार डोंगरातल्या कच्च्या वाटांवर काढून काल रात्री परतलो. तीन गाड्या, सहा माणसं. फोटो सवडीने टाकेन. आधी रविवारच्या उताराबद्दल लिहायचं आहे, कारण तिथे जे झालं ते माझ्या एका वाक्यामुळे झालं.

शनिवार मनासारखा गेला. डांबर संपलं तिथेच थांबून तिन्ही गाड्यांच्या टायरमधली हवा ३४ वरून २४ पीएसआयवर आणली. पुढच्या दोन किलोमीटरांत एकच ओढा तीनदा आडवा येतो. दर वेळी एकजण काठी घेऊन आधी चालत पलीकडे गेला. पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पण दुसऱ्या ठिकाणी उजव्या अंगाला काठी एकदम मांडीपर्यंत बुडाली. वरून बघताना पाणी सगळीकडे सारखंच दिसत होतं. आम्ही डावीकडून काढल्या गाड्या.

मग खिंडीपर्यंतचा चढ. सुटे दगड आणि मधे दोन ठिकाणी पायऱ्यांसारखा कातळ. फोर लो (चारही चाकांना ताकद, जोर जास्त आणि वेग अगदी कमी), पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम. मी समोर उभा राहून मागच्या दोघांना हाताने खुणा करत होतो. दुसऱ्या पायरीवर मधल्या गाडीचं मागचं डावं चाक वीतभर उचललं गेलं. गाडी क्षणभर तशीच तोलून राहिली, चालकाने पाय जराही हलवला नाही, आणि चाक अलगद खाली टेकलं. त्याच्या चेहऱ्यावरची एकाग्रता मला अजून दिसते आहे. संध्याकाळी वर पठारावर तंबू ठोकले.

रविवारी उतरायचं होतं. खिंडीपासून खालच्या ओढ्यापर्यंत साधारण ३०० मीटर उंची, आणि अंतर तीन किलोमीटरांच्या आत. मी सवयीने उतरून पायी पुढे गेलो, पण पहिल्या वळणापर्यंतच. दोनेकशे पावलं. तेवढा भाग रुंद आणि मुरमाचा होता. परत येऊन वॉकीटॉकीवर सांगितलं, "वाट चांगली आहे, फोर हाय पुरेल, लो लागलं तर मी सांगतो." (हायमध्येही चारही चाकं ओढतात, पण नेहमीच्या वेगाने; इंजिन गाडीला लोइतकं मागे धरत नाही.)

वळणापलीकडे वाट बदलली. उतार तीव्र झाला, चाकोऱ्या ढोपरभर खोल, त्यांत मुठीएवढे सुटे दगड आणि डाव्या हाताला दरी. माझी गाडी हलकी आणि जवळपास रिकामी. दुसऱ्या गिअरमध्ये, अधूनमधून ब्रेक लावत मी आरामात उतरत राहिलो, म्हणून मला काहीच वेगळं वाटलं नाही. तिसरी गाडी सगळ्यांत जड. तंबू, अवजारं आणि सगळ्यांचं पाणी तिच्या टपावर. तिच्या चालकाचा पाय ब्रेकवरून उठलाच नव्हता. दीड-एक किलोमीटर गेल्यावर वॉकीटॉकीवर आवाज आला, "पेडल खाली चाललंय."

त्याने क्लच दाबला नाही, न्यूट्रल केलं नाही. पेडल भराभर पंप करून जेवढा दाब मिळाला तेवढ्यावर वेग मोडला, पहिल्या गिअरमध्ये आला, हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढत आणला आणि उजवं पुढचं चाक डोंगराच्या बाजूच्या मातीत टेकवलं. शेजारच्याने उडी मारून पुढच्या दोन्ही चाकांखाली दगड लावले. मी चालत वर पोचलो तेव्हा चाकापाशी हात नेववत नव्हता, आणि जळक्या ब्रेकचा तो घशात बसणारा वास पूर्ण वळणभर पसरला होता.

पन्नास मिनिटं थांबलो. पेडल परत घट्ट झालं. थोडं सामान माझ्या गाडीत घेतलं, तिसऱ्या गाडीला फोर लो, पहिला गिअर लावला आणि चालकाला सांगितलं की आता शक्यतो ब्रेकला पायच लावायचा नाही. उरलेला उतार माणूस शेजारून चालेल त्या वेगाने झाला. मी खरंच शेजारून चाललो. त्या अर्ध्या तासात मला कळलं, की सकाळी हेच करायला हवं होतं.

तेलकट_हात

सगळे सुखरूप आलात, बरं वाटलं. गॅरेजमध्ये हा प्रकार वरचेवर बघतो म्हणून सविस्तर लिहितो.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, घासणारे पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडे दाबले जातात. पायाचा सगळा जोर त्यांतच जिरतो. तुमच्याकडे हेच झालं.

आता आकडे. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेल्या ऑइलसाठी प्रमाणात धरलेला किमान आकडा १५५ अंश आहे. डॉट ३ असेल तर हेच २०५ आणि १४० अंश. ऑइल किती जुनं होतं ते विचारा. माझा अंदाज आहे की ते बदलून बरीच वर्षं झाली असतील.

उष्णता येते कुठून, तेही बघा. सामान-माणसांसकट २००० किलोची गाडी ३०० मीटर खाली आली तर सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सतरा-अठरा लिटर साधं पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. लो आणि पहिला गिअर लावला तर तिचा मोठा वाटा इंजिन घेतं, आणि त्याला थंड करायला रेडिएटर आहे. ब्रेकवर उतरलात तर सगळी चार चाकांपाशी साठते, आणि इतक्या हळू वेगात तिथे वाराही लागत नाही.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं नाहीत ना? डिस्क वाकते, कधी तडकते.

आडवाट

नाही ओतलं. एकाने बाटली उघडली होती, त्याला थांबवलं. ऑइलचं चालकाला विचारतो. तोही इथे सभासद आहे, लिहील.

खिंडपार

मला दोन गोष्टी पटल्या नाहीत.

पहिली, हवा. २४ पीएसआय दगडांसाठी जास्त आहे. मी त्याच वजनाच्या गाडीत १८ वर जातो. टायर दगडाभोवती लपेटला जातो, पकड वाढते आणि गाडी कमी उसळते.

दुसरी, लो. खाली उतरायचं असलं की मी कधी विचारच करत नाही, लो टाकतो. "लागलं तर सांगतो" हा प्रकारच नको. अर्धवेळ फोर व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या, बहुतेक गाड्यांमध्ये लो टाकायला गाडी उभी करून न्यूट्रलला आणावी लागते. उतारावर मधेच, दरीच्या कडेला, ब्रेकचा भरवसा नसताना ते कोण करणार? जे करायचं ते वरच्या सपाटीवर करा.

आडवाट

दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्या तिसऱ्या गाडीचं नेमकं हेच झालं. वेग वाढतोय हे चालकाला कळत होतं, पण लो टाकायला थांबायचं कुठे?

हवेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. १८ वर पकड मिळते, पण आमच्या टायरची बाजूची भिंत जाड नाही. चाकोरीत कडेचे दगड टायरच्या बाजूलाच घासतात, आणि हवा कमी केली की ती बाजू फुगून बाहेर येते. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीतलं भोक दुरुस्त होतं. बाजूची भिंत फाटली तर तो टायर गेला. शिवाय आडव्या उतारावर टायर रिमवरून निसटण्याची भीती. वाळूत मीही १८ आणि त्याखाली जातो. दगडांत, साध्या टायरवर, २२ ते २४ वरच थांबतो.

खिंडपार

माझे टायर जाड भिंतीचे आहेत, हे लिहायला हवं होतं. साध्या टायरवर तुमचा आकडा ठीक आहे. सगळ्यांनी एकच गोष्ट पाळा: हवा कमी केलेल्या टायरवर वेग वाढवू नका, आणि डांबर लागलं की आधी हवा भरा. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर तापून आतून सुटतो.

मागची_सीट

मी मधल्या गाडीत मागे बसले होते. गाडी चालवत नाही, पण दोन दिवस सगळं पाहिलं म्हणून लिहिते.

चाक हवेत गेलं तो क्षण चालकासाठी एकाग्रतेचा असेल. मागे बसलेल्याला फक्त आकाश एका बाजूला कलताना दिसतं. आमच्या चालकाने दोन्ही पायऱ्यांआधी सांगितलं होतं, "आता गाडी डावीकडे बरीच कलेल, एक चाक उचललं जाईल, घाबरू नका, दार उघडू नका." त्या एका वाक्याने मी शांत बसले. पुढे कुठेही जाताना तुम्ही सगळे हे सांगत जा, ही मनापासून विनंती.

आणखी एक. चढावर मागे सुटं ठेवलेलं जॅकचं खोकं माझ्या खांद्यामागे येऊन आदळलं. लागलं नाही. पण उतारावर तेच डोक्याच्या उंचीवरून पुढे आलं असतं. दुपारी आम्ही सगळं सामान पट्ट्यांनी आवळलं. ते सकाळी, डांबर संपतं तिथेच व्हायला हवं.

उतारावर तिसरी गाडी थांबली तेव्हा आमचा चालक खाली पळत जाण्याआधी आपल्या गाडीच्या चाकांना दगड लावून गेला. ही गोष्ट मला फार आवडली.

आडवाट

खोक्याचं मला आत्ता कळतंय. आवळायचं काम माझ्याकडे होतं. माफ करा. पुढच्या वेळी हवा कमी करताना एकजण फक्त सामान बघेल.

नवखा_चालक

छान धागा. माझ्याकडे ऑटोमॅटिक मारुती जिम्नी आहे, पाच दारांची. लो आहे. माझ्यासारख्याने असा उतार करावा का? ऑटोमॅटिकला इंजिनचा ब्रेक (खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे धरतं तो) लागतच नाही असं एकाने सांगितलं. आणि कातळाच्या पायऱ्यांवर पोट टेकेल का?

खिंडपार

लागतो, पण मॅन्युअलइतका घट्ट नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो थोडी घसरण देतो. लो टाका आणि गिअरचा दांडा डीमध्ये न ठेवता सगळ्यांत खालच्या गिअरवर आणा. डीमध्ये ठेवलात तर गाडी स्वतःच वरचे गिअर घेईल. कधीमधी ब्रेक लागेल, तो दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही.

तुमच्या गाडीला हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर गाडी आपोआप हळू ठेवणारी सोय, असेलच. सोय उत्तम आहे. १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये ती पहिल्यांदा आली, आणि त्या गाडीला लो नव्हतं म्हणूनच आली. पण ही सोय चालते एबीएसच्या जोरावर, म्हणजे चाकांच्या ब्रेकवर. पाय तुमचा नसला तरी तापतात ब्रेकच. लांब उतारावर लो आणि पहिला गिअर हा पाया, हिल डिसेंट त्यावरचा आधार.

पोटाबद्दल: तीन दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिलिमीटर, तुमचा २५९०. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वाढलं की मधला कोन, म्हणजे पोट न टेकता पार करता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, कमी होतो. तीन दारांच्या गाडीला तो २८ अंश आहे, तुमच्या गाडीला २४. जमिनीपासूनची उंची दोन्हींची २१० मिलिमीटर. म्हणजे जी पायरी छोटी गाडी सहज चढते, तिथे तुमचं पोट टेकू शकतं. दगड मधे घेऊ नका, त्यावर चाक चढवा. गाडी उचलली जाते आणि पोटाखाली जागा होते. नव्या माणसाचं मन याच्या उलट सांगतं.

तेलकट_हात

+१. आणि खाली झोपून एकदा आपली गाडी बघून ठेवा. सरळ ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा) असलेल्या गाड्यांत डिफरन्शिअलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा सगळ्यांत खाली लोंबतो, आणि पुढचा गोळा बहुतेक वेळा एका बाजूला असतो. तुमचा कोणत्या बाजूला आहे हे माहीत असेल तर दगड दुसऱ्या बाजूने काढता येतो. एक्झॉस्ट कुठून जातो, टाकी कुठे आहे, हेही बघा. स्टिअरिंगला अंगठे आतून अडकवून धरू नका. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं आणि आरा अंगठ्यावर बसतो. जुन्या, पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांत अंगठे मोडलेले मी पाहिले आहेत.

पायवाट

मी गाडीवाला नाही, डोंगरात चालणारा. अशा वाटांवर तुमच्यासारख्या गाड्या नेहमी भेटतात. एक गोष्ट मनात सलते, ती बोलतो.

चिखल दिसला की लोक चाकोरी सोडून कडेच्या गवतावरून गाडी काढतात. मागचा त्याच्याही बाहेरून काढतो. दोन पावसाळ्यांत दहा फुटांची वाट तीस फुटांची होते. चाकांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते चाकोरीतून खाली धावतं आणि माती घेऊन जातं. मग चाकोरीची घळ होते. तुम्ही ढोपरभर खोल चाकोऱ्या लिहिल्यात, त्या अशाच झाल्या असणार. एरवी चाकोरीबाहेर जाण्याचं कौतुक होतं, डोंगरात मात्र कृपा करून चाकोरीतच राहा.

आडवाट

तुमचं बोलणं योग्य आहे आणि ते इथे आलं याचा आनंद आहे. अमेरिकेत वनखात्याने १९८५ मध्ये 'ट्रेड लाइटली' ही मोहीम सुरू केली ती याचसाठी, की गाड्यांनी ठरल्या वाटा सोडू नयेत.

शनिवारी पठाराच्या तोंडाशी तीसेक फूट चिखल होता. बाजूच्या गवतावर आधीच्या गाड्यांच्या खुणा दिसत होत्या. मी चिखलात शिरून पाहिलं, खाली घट्ट तळ लागला, तेव्हा तिन्ही गाड्या मधूनच नेल्या. तिसरी गाडी अडकली. अर्धा तास फावडं मारावं लागलं, पण गवत तसंच राहिलं. पाऊस चालू असेल किंवा माती लिबलिबीत असेल तर वाटेवर जायचंच नाही, हा आमचा जुना नियम आहे.

खिंडपार

अडकलेली गाडी कशाने काढलीत? हे विचारतो, कारण टो हिचच्या (मागे ट्रेलर जोडायच्या) गोळ्याला पट्टा अडकवून झटका देणारे लोक मी अजून बघतो. तो गोळा सरळ ओढायला केलेला असतो, झटक्याला नाही. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा मागच्या गाडीची काच फोडून आत जातो. यात माणसं मेली आहेत.

आडवाट

चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेल्या हुकांनाच जोडलं. नायलॉनचा कायनेटिक दोर होता, तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो, त्यामुळे झटका न बसता ओढ मिळते. साधा टो पट्टा जवळजवळ ताणला जात नाही, त्याने झटका कधीच देऊ नये. शॅकल (दोर हुकाला जोडायच्या कड्या) १९ मिलिमीटरचे, ४.७५ टनांचे. तुटला तर उसळू नये म्हणून दोरावर मधोमध जाड ओलं कांबळं टाकलं आणि दोराच्या दीडपट अंतरापर्यंत कुणाला उभं राहू दिलं नाही. पण आधी फावडं. चाकापुढची माती काढल्यावर दोराला फारसं काम उरलंच नाही.

तिसरी_गाडी

उशिरा लिहितोय. ती गाडी माझी.

तेलकट_हात, अंदाज बरोबर. पावत्या काढून बघितल्या, ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. सर्व्हिसला गाडी वेळेवर जायची, पण ऑइलचं मी कधी विचारलं नाही.

आडवाट, तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत, ते मला मान्य नाही. जे खरं घडलं ते सांगतो. पेडल पहिल्यांदा मऊ लागलं ते मी बोलायच्या दोन वळणं आधी. पहिल्या वळणावर वाटलं, भास असेल. दुसऱ्यावर खात्री झाली. पुढे तुमच्या दोन्ही गाड्या शांतपणे उतरताना दिसत होत्या, एकाचाही ब्रेकचा दिवा फार वेळ लागत नव्हता. मला वाटलं, वाट सोपीच आहे, मलाच चालवता येत नाहीये. वॉकीटॉकी हातात घेतला आणि परत ठेवला. ती दोन वळणं मी का गप्प बसलो, हा विचार चार दिवस डोक्यातून जात नाही. शेजारी माझा धाकटा भाऊ होता.

हँडब्रेकने वाचवलं. तो तारेचा असल्याने उकळलेल्या ऑइलशी त्याचा संबंध नव्हता, आणि गाडी फोर हायमध्ये असल्यामुळे मागची चाकं धरली तशी पुढचीही धरली गेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हात गेला.

आडवाट

दादा, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. पुढून तुम्ही मला दिसत नव्हता, आणि मी एकदाही विचारलं नाही. यापुढे उतारावर मी दर वळणाला थांबून मागच्या प्रत्येकाला नावाने विचारणार, "पेडल कसं आहे?" उत्तर आल्याशिवाय पुढचं वळण घेणार नाही. आणि सगळ्यांत जड गाडी मागे नको, माझ्या लगेच मागे, म्हणजे आरशात दिसेल.

मागची_सीट

वॉकीटॉकी शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चालकाला बोलायला संकोच वाटला तरी शेजारचा बोलेल.

आडवाट

एकदम पटलं. तसंच करू.

तिसरी_गाडी

नवं ऑइल, पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क उद्या बदलून मिळतील. डिस्कवर निळे डाग पडलेत. मला त्या वाटेवर परत जायचं आहे, पण तुम्ही बरोबर असाल तरच.

आडवाट

येतो. माझं पायी बघायचं राहिलेलं अंतर अडीच किलोमीटरच्या वर आहे. गाड्या खाली ओढ्यापाशी लावू आणि सकाळी लवकर खालून वर चालत जाऊ. लो टाकून थांबता येईल अशा सपाट जागा कुठे आहेत त्या तुम्ही वहीत मांडा, मी चाकोरीतले मोठे दगड बघत येतो. धाकट्याला वॉकीटॉकी द्या.